शेरा

वास्कोत, भाजी मार्केटच्या मागे,
ट्रान्सफॉर्मर आणि मुतारीच्या मध्ये
एक भिंत आहे.
पूर्वीही होती, पण तिला कुणी भिंत म्हणत नसे.
मुतारीचं दार मोडलं तेव्हापासून
ती मुतारीचाच वाढीव भाग.

मी वीज खात्यात रीडर.
दर महिन्याला तिथल्या अकरा मीटरांचे आकडे
नाकाला रुमाल लावून उतरवतो.
आकड्याशेजारी रकाना असतो, शेऱ्याचा.
त्यातले शब्द ठरलेले:
दार बंद. कुत्रा. काच फुटली. वाचता येत नाही.

मध्ये कुणी टाइल्स बसवल्या होत्या.
गणपती, शेजारी खुरीस, त्याशेजारी मक्का,
तिघे गुडघ्याच्या उंचीवर, एका रांगेत.
लोक दोन पावलं सरकून उभे राहू लागले,
इतकंच.

पेर्पेत रिबेलोनं आधी त्या टाइल्स काढल्या,
छिन्नीनं, एकही कड न मोडता,
धुतल्या, ज्याला हव्या त्याला दिल्या.
"देवांनी काय गुन्हा केलाय," म्हणाला,
"चोवीस तास हा वास घ्यायला?"

तीस वर्षं यार्डात जहाजांचे तळ रंगवलेला माणूस.
म्हणजे असा रंग, जो लावून झाला
की पाण्याखाली जायचा,
कालवांना दिसला तर दिसला.
घरी उरलेले डबे: गेरूचा लाल, बोयांचा पिवळा,
लाइफबोटीचा नारिंगी,
आणि एक निळा, ज्याचं झाकण शेवटी कोयत्यानं उघडलं.

दोरीला नीळ चोळून एक टोक त्यानं धरलं,
दुसरं माझ्या हातात दिलं. मी ड्यूटीवर होतो.
ताणली, मधोमध चिमटीत उचलली, सोडली.
टण्.
त्या गल्लीतली पहिली सरळ रेघ.

"आधी ठिपके," मागून हुलिगेव्वा म्हणाली,
मार्केट झाडणारी, हातात झाडू तसाच.
"तुझे त्रिकोण डावीकडे घसरतायत."
गदगच्या अलीकडे कुठेतरी तिचं गाव, तिथलं अंगण,
पंधरा ते आठची रांगोळी डोळे मिटून.
तो कोंकणीत भांडला, ती कानडीत.
मग पेर्पेतनं ओल्या चिंधीनं
अर्धी भिंत मुकाट पुसली.

चार रविवार लागले.
त्रिकोणाला त्रिकोण चिकटून षटकोन,
लांबून पाहिलं तर खोके, एकावर एक रचलेले,
जवळ गेलं की सपाट.
पाइप आडवा आला तिथे रंग
पाइपावरून चढून पलीकडे उतरला.

एक माणूस सवयीनं आला, चेन उघडली,
बघत राहिला. मोजत असावा.
चेन लावून निघून गेला.
दुसऱ्यानं मोजले नाहीत.
त्याला हुलिगेव्वानं जे ऐकवलं
ते कानडीत असूनही मला कळलं.

वरच्या कोपऱ्यातला एक त्रिकोण कोरा राहिला.
मी विचारलं, ह्यात काही अर्थ आहे का?
"रंग सोंपलो," पेर्पेत म्हणाला.
मी खात्याच्या पेट्यांचा राखाडी आणून दिला,
अर्धा डबा, चोरूनच.
त्यानं बंदराकडे हनुवटी उडवली, जिथे कोळसा उतरतो
आणि आमच्या दोरीवरच्या चादरींवर,
चहाच्या सायीवर, उशीवर येऊन बसतो.
"हो रंग हांगा फुकट मेळटा."

दर गुरुवारी हुलिगेव्वा भिंत पुसते,
हात पोचतो तिथपर्यंत.
कोरा त्रिकोण उंच आहे.
मार्चपर्यंत तो भरला,
कडेला कड लागून, बाहेर एक कण नाही.

परवा अकरा आकडे उतरवले,
रुमाल खिशातच राहिला,
आणि शेऱ्यात लिहिलं: भिंत वाचता येते.

ऑफिसातून मांद्रेकर मॅडमचा फोन.
हा शेरा कॉम्प्युटर घेत नाही,
यादीतला एखादा निवडा.

मी 'कुत्रा' निवडला.
खोटं नव्हतं ते.
नारिंगी त्रिकोणाखाली होता एक,
पाय ताणून, पोट वर करून,
भर दुपारी झोपलेला.